हात न टेकता

मला नेकनूरमध्ये खोली मिळाली ती जमिनीवर बसता आलं म्हणून, आणि हातची जाणार होती ती उठता आलं नाही म्हणून.

कॉलेजसाठी नेकनूरला आले आणि खोली पाहायला गेले तेव्हा मी सोबत एक भाषण तयार ठेवलं होतं. एकटी मुलगी भाड्याने घर शोधायला निघाली की आपल्याकडे आधी आडनाव विचारतात, आणि आडनावावरून समाधान झालं नाही की "तुमच्यात…" या शब्दाने सुरू होणारा प्रश्न येतो. मी ज्या घरात वाढले तिथे गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आम्हां भावंडांचा गृहपाठ व्हायचा, त्यामुळे आमच्या घरातली रद्दी कधी विकली गेली नाही. "तुमच्यात" या शब्दाला काय उत्तर द्यायचं, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं.

घरमालकीणबाई खालीच, त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या ओट्यावर चटई टाकून बसल्या होत्या. उंच, काटक, इरकली नेसलेल्या. कपाळावर विभूती, गळ्यात दोऱ्याला चांदीची लिंगाची डबी आणि कमरेला दुकानाची चावी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी मला मानेपासून घोट्यापर्यंत न्याहाळलं आणि सुरुवात केली,

"तुमच्यात…"

मी पाठ ताठ केली.

"…गुडघ्याचं कुणाला हाय का? आईला, मावशीला?"

मी भाषण गिळलं. आईला आहे, म्हणाले.

"वाटलंच मला. आता उठ बरं. हात न टेकता."

मी पुढे झुकले, मागे रेलले, एका कुशीवर कलले आणि शेवटी चटईवर हात देऊन उठले. अक्कांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं.

"ह्या वयात हात टेकलास व्हय गं," त्या म्हणाल्या. "खोली देते मी. पण रोज सकाळी खाली यायचं. बिजागऱ्यांला तेल घालायला."

मला वाटलं, भाड्यात काही सूट देऊन दुकानातलं काम करून घेण्याचा हा डाव आहे. श्रमाच्या शोषणावर माझं दुसरं भाषण तयार होतं. तेही वाया गेलं.

बिजागऱ्या म्हणजे शरीरातले सांधे. अक्कांचं माहेर कडा गावचं, तेही दुकानदारांचं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं, आणि दुकानाबाहेरचं जग समजून घ्यायला वेगळे शब्द शिकायची त्यांना कधी गरज वाटली नाही. मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा या सगळ्या बिजागऱ्या. आखडणं म्हणजे गंज. गुडघ्याची वाटी म्हणजे वायसर, आपण वॉशर म्हणतो ते. गावात निवडणुकीच्या तोंडावर फिरणाऱ्या एका पुढाऱ्याला त्या 'आटे गेलेला स्क्रू' म्हणत. कितीही फिरवा, पुढे जात नाही. राजकीय विश्लेषणासाठी मी जाडजाड शब्द वापरायचे, त्यातला एकही इतका घट्ट बसायचा नाही.

दुकान उघडण्याआधी ओट्यावर हा कार्यक्रम चाले. सुरुवात मानेपासून. हळूच 'हो' म्हणायचं, मग हळूच 'नाही' म्हणायचं.

"बायांची मान 'हो'कडं कशी सरकन जाती बघ," त्या म्हणत. "'न्हाई'कडं वळवायची म्हणलं की कटकट वाजती."

त्या फक्त मानेबद्दलच बोलत होत्या. मी मात्र ते वाक्य उचलून आठ मार्चच्या पत्रकात घातलं.

मग खांद्यांची चाकं, मनगटांच्या कड्या, कंबर जात्यासारखी गोल. मग टाचा जमिनीवर ठेवून उकिडवं बसणं. शेवटी मांडी घालायची आणि हात न टेकता उभं राहायचं. पाय जवळ ओढायचे, छाती पुढे न्यायची, वजन तळव्यांवर आणायचं आणि वर. सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा बसल्या जागी मागे पडले, की रस्त्याने जाणारी शाळेतली पोरं थांबून बघायला लागली.

आकडे मोजायला बंदी होती. मी सवयीने एक, दोन म्हणायला लागले की त्या माझ्या पाठीवर फूटपट्टी मारायच्या.

"आकडा म्हणलं की मानूस धावतंय. कधी एकदा धा येतेत आन् कधी सुटका हुती. सामान म्हण."

म्हणून आम्ही सामान म्हणायचो. खिळे, चुका, स्क्रू, वायसर, नट, बोल्ट, कडी, कोयंडा. एकेका शब्दाला सांध्याचा एक सावकाश फेरा. चुका म्हणजे बारीक खिळे, पण माझा गुडघा नेमका त्या शब्दावर डगमगायचा. आणि 'वायसर' आलं की श्वास सोडायचा, हा सगळ्यात कडक नियम.

"कावून?" मी विचारलं. तोवर त्यांचे शब्द माझ्या तोंडात बसायला लागले होते.

"वायसर नसलं की नट आवळून बसतंय. श्वास कोंडला की बिजागरी बी आवळून बसती. तुझं तर डोकंच आवळून बसलेलं हाय, तू लांब सोड."

हे सगळं त्यांनी स्वतः शोधलेलं नव्हतं, आणि तसा आव त्यांनी कधी आणला नाही. बीडच्या एका दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना शिकवलं होतं. "लई हुशार पोरगी. बोलायची गोड, पण पाय असा धरायची की पळून जाता येत नव्हतं," असं त्या कौतुकाने सांगत. त्या मुलीनेच बजावलं होतं, ताण येईपर्यंत जा, दुखलं तर माघारी या, आणि रोज करा. पहिल्या दोन गोष्टी अक्का शिष्यांवर सोपवत. 'रोज' या शब्दावर मात्र त्यांचा स्वतःचा पहारा असे. दिवाळी असो, सुतक असो, बंद असो. एका बंदच्या दिवशी मी खिडकीतून ओरडून सांगितलं की आज सगळे व्यवहार ठप्प ठेवायचे आहेत, त्यात मीही सामील आहे. खालून आवाज आला, "गंजाला सांगितलंस का गं, आज बंद हाय म्हणून?"

बीडला जावं लागलं त्यामागे एक फजिती होती. मी यायच्या आधीची ही गोष्ट. कुणाच्या तरी बारशाला अक्का बायकांत सतरंजीवर बसल्या आणि उठायच्या वेळी गुडघा अडकला. दोन पुरुषमाणसांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी अरेरे केलं. अक्कांना ते हसण्यापेक्षा लागलं. पुण्याहून मुलगा आला. तिथे त्याचा फ्लॅट, संगणकावरची मोठी नोकरी. तो म्हणाला, आई, आता पुरे. दुकान बंद कर आणि चल. तिथे खाली बसायचा प्रश्नच येत नाही. जेवायला टेबल, पूजेला स्टूल, सगळं उंचावर आहे.

तो वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगते. चळवळीच्या घरात वाढल्यामुळे मला माणसं फार लवकर शत्रू वाटायला लागतात. तो फक्त घाबरला होता. रोज फोन करून तो पहिला प्रश्न विचारायचा, "पडली नाहीस ना?" आणि अक्कांना नेमका त्या प्रश्नाचा राग यायचा.

त्यांची जागा जमिनीवर होती. गिऱ्हाइकाला खिळे निवडून द्यायचे ते खाली बसून. भाजी निवडायची खाली बसून. रोज सकाळी डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचं, तेही मांडी घालून. "खुर्चीवर बसून पूजा करू नका असं काई कुणी म्हणलेलं न्हाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "पर मला वाटतं मी देवाच्या घरी पाव्हणी म्हणून आले. उगं टेकल्यासारखं."

म्हणून त्यांनी मुलाला जबान दिली. ज्या दिवशी मी जमिनीवरून हात टेकून उठेन, त्या दिवशी दुकानाची चावी तुझ्या हातात. मग तू कुलूप लाव, दुकान विक, मला पुण्याला ने, मी तोंडातनं अक्षर काढणार न्हाई. तोवर मला खुर्ची दाखवायची न्हाई.

मुलाने ते मान्य केलं. त्याचा हिशोब असा असणार की फार तर पावसाळ्यापर्यंतचा प्रश्न आहे. कमरेची ती चावी तेव्हापासून अक्कांच्या गुडघ्यांच्या भरवशावर लटकत होती, आणि गल्लीतल्या पोराटोरांनाही ते ठाऊक होतं. अक्का कुठेही बसल्या की उठेपर्यंत लोक त्यांच्या हातांकडे बघत.

सुरुवातीला ओट्यावर आम्ही तिघीच. अक्का, मी आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशी. मला हे पटेना. एवढी उपयोगाची गोष्ट सामुदायिक व्हायला हवी. मी पत्रक लिहिलं. 'आपले शरीर, आपला अधिकार! सांध्यांच्या आरोग्यासाठी सामूहिक व्यायाम मोहीम!' अक्कांनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्याच पेनने सरळ काट मारली.

"व्यायाम म्हणलं की एक बाई येणार न्हाई. सुना हसतेत, पोरं म्हणतेत म्हातारीला बूट आणा. आपल्यात जे म्हणतेत तेच लिही की."

मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. 'रोज सकाळी आमच्या दुकानापुढे बिजागऱ्यांना तेल घालण्यात येईल. मोफत. सर्वांनी यावे.' खाली हार्डवेअरच्या दुकानाचं नाव. मी झेरॉक्स काढून बसस्टँडवर, बाजारात, पिंपळाच्या पारावर चिकटवून आले. लिहिणारी मी, तपासणाऱ्या अक्का. त्यात काय चुकलंय हे आम्हां दोघींनाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे रांग होती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात डबा. एका आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, तेल गोडं हाय का करडीचं. एकाने उखडलेल्या बिजागऱ्या पिशवीत भरून आणल्या होत्या. आणि शेजारच्या वाडीहून दोघेजण मोटरसायकलवर आडवं दार धरून आले.

"इथंच का बे?" मागचा दाराआडून विचारत होता.

"हितंच. हार्डवेअर एकच हाय. नीट धर, कोपरा माझ्या कानात जायलाय."

मी खिशातलं पत्रक काढून पुन्हा वाचलं. अक्का मात्र शांतपणे उठल्या, अर्थात हात न टेकता. त्यांनी तेलाची बुधली काढली आणि पिशवीतल्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दार ओट्याला टेकवून त्याच्याही बिजागऱ्यांत थेंब थेंब सोडले. "लिहून दिलंय म्हंजे दिलंय," त्या मला म्हणाल्या. मग दारवाल्यांकडे वळल्या.

"आता तुमच्या."

"आमच्या काय, अक्का?"

"बस उकिडवं. टाच उचलायची न्हाई."

मागचा गडी ऐटीत खाली गेला आणि तिथेच राहिला. उठायला बघतो तर टाचा सुटल्या, तोल गेला आणि त्याने दार धरलं.

"दार झ्याक हाय रे तुझं," अक्का म्हणाल्या. "चौकट गंजलीय."

"तुला म्हणलं होतं बे, दाराआधी तुलाच तेल घालावं लागतंय," पुढचा म्हणाला, आणि सगळी रांग हसली. हसता हसता करडीच्या तेलवाल्या आजींनी बाटली खाली ठेवली आणि खांदे फिरवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून ओटा भरायला लागला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी पत्रक ते, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

आमचे वादही होत. मी म्हणायचे, अक्का, हे सगळं ठीक आहे, पण बायांचे सांधे काय आपोआप गंजतात का? ऊसतोडीला कोयत्यावर जाऊन मोळ्या वाहायच्या, लांबून पाणी आणायचं, घरी आल्यावर चुलीपुढे वाकायचं. हे बदलल्याशिवाय मान फिरवून काय होणार? आधी व्यवस्था बदलली पाहिजे.

"बदल की," त्या म्हणायच्या. "मी नको म्हणते का? पर मोर्चाला चालायला गुडघा लागतोच न्हवं?"

बसच्या पायरीवरून तर आमची चांगलीच जुंपली. बीडला जाणाऱ्या बसची पहिली पायरी इतकी उंच असते, की म्हाताऱ्या बाया आधी पिशवी आत टाकतात, मग देवाचं नाव घेतात. मी मागणीचं पत्रक काढलं. पायरी खाली आणा. अक्कांनी पहिली सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना ओट्याच्या उंच कडेवर पाय टाकून चढायचा सराव सुरू केला. मी चिडले. म्हणाले, तुम्ही मागणीची हवाच काढून घेताय. सगळ्याजणी टणाटण चढायला लागल्या तर पायरी खाली कोण आणेल?

"आन् तवर काय त्यांनी स्टँडवरच ऱ्हायचं? पायरी खाली येऊस्तोवर पाय वर यू दे."

पायरी अजून तिथेच आहे. बाया चढतात. चढल्यावर कंडक्टरला दोन शब्द सुनावतात, कारण आता त्यांना दम लागलेला नसतो. हे माझ्या पत्रकाचं यश की अक्कांच्या ओट्याचं, यावर मी अजून विचार करते आहे.

घोट्यासाठी त्यांनी बाराखडी ठेवली होती. पाय उचलायचा आणि अंगठ्याने हवेत अक्षर काढायचं. गिरणीवाल्या मावशींना लिहिता येत नव्हतं. जन्मभर कागदावर अंगठा उठवलेला. मी त्यांना 'क'पासून दाखवत गेले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या पायाने हवेत स्वतःचं नाव लिहायला लागल्या. पीठ सांडलेल्या फरशीवर एकदा त्यांनी ते उठवूनही दाखवलं, वेलांटीसकट.

"आता मी खरी अंगठेबहाद्दर," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत फरशी झाडली नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मठात पारण्याची पंगत असते. गव्हाची खीर, भात, वरण, पत्रावळी. अलीकडे भिंतीकडेने खुर्च्या-टेबलांचीही एक रांग मांडतात, तिला लोक गुडघेवाल्यांची रांग म्हणतात. दर वर्षी ती लांबत चालली आहे. त्या वर्षी अक्कांचा मुलगा पंगतीला आला होता. येताना त्याने आईसाठी हातात एक प्लास्टिकची खुर्ची धरून आणली.

अक्कांनी खुर्चीकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"जबान काय दिलती?"

"आई, हट्ट करू नकोस. सगळ्यांसमोर अडकलीस तर?"

"तर चावी तुझी. बस माझ्या शेजारी. जवळनं बघ."

आमच्या मठात एक रीत आहे. पंगतीतलं शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. शेवटचं माणूस म्हणजे खिरीची चौथी वाटी मागणारे एक गुरुजी. त्यांनी ती वाटी इतकी निवांत संपवली, की मला त्यांच्याविरुद्ध पत्रक काढावंसं वाटलं. मी समोरच्या ओळीत होते. अक्कांच्या गुडघ्यांवर माझी नजर, गिरणीवाल्या मावशींची नजर, अर्ध्या पंगतीची नजर. मुलगा शेजारी मांडी घालून बसलेला. त्याने दोनदा मांडी बदलली, एकदा पाय लांब केले आणि कुणी पाहायच्या आत आवळून घेतले.

गुरुजींनी हात जोडले. पंगत हलली. अक्कांनी पाय जवळ ओढले, छाती पुढे नेली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि उभ्या राहिल्या. दोन्ही हात छातीशी जोडलेले, चावी कमरेला किणकिणली.

शेजारी मुलगा उठायला गेला. अर्ध्यावर थांबला. परत बसला. मग त्याने आधी उजवा हात टेकला, नंतर डावा, आणि रांगत्या मुलासारखा चौपायी होऊन एकदाचा वर आला. बायकांच्या ओळीतून हसू फुटलं.

"टेकले गं हात," मावशी म्हणाल्या. "आता ह्येची चावी कुणाला?"

अक्का हसल्या नाहीत. काखेत हात घालून उचललेलं माणूस दुसऱ्याच्या अडकण्याला हसत नाही. त्यांनी त्याच्या पँटवर लागलेला भाताचा कण झटकला आणि म्हणाल्या, "सकाळी ओट्यावर ये. निघायच्या आत शिकवते." तो आला खरा, पण हातात मोबाईल घेऊन. एकदा सामान म्हणून झालं तोच त्याची गाडी आली. "ऑफिसात कुठे वेळ असतो, आई," असं म्हणत तो गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्कांना ताप आला. ओट्यावरची रांग त्यांनी आमच्यावर सोपवली आणि स्वतः आत निजून राहिल्या. उठल्या तेव्हा चेहरा लहान झालेला होता, पण सकाळी दुकान उघडायचंच म्हणाल्या. मी कॉलेजला निघताना खाली डोकावले, तर त्या काउंटरमागे पाठ भिंतीला लावून उभ्या. पायाशी वायसर सांडलेले.

"काय झालं?"

"वायसर सांडले. येचायला बसले. उठताना…" त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर जमिनीची धूळ होती आणि एका वायसराचा गोल ठसा. "टेकला गं."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गिरणी बंद होती. मी खाली बसून भराभर वायसर गोळा करायला लागले आणि म्हणाले, "अक्का, ताप होता. हे धरायचं नसतं. आणि कुणी बघितलं?"

"मी बघितलं की."

सत्य, निर्भय, जाहीर, हे शब्द वाचत मी मोठी झाले, आणि त्या दुकानात दार लोटून घ्यायचा सल्ला देणारी मीच होते. अक्कांनी हात धुतला, फोन लावला, आणि तिकडून पहिला प्रश्न यायच्या आत सांगून टाकलं.

"पडले न्हाई. हात टेकला. चावी न्यायला ये."

तिकडून एवढंच आलं, "येतो."

मला संताप आला. मी रविवारपर्यंत त्याच्याविरुद्ध मनात किमान तीन पत्रकं लिहिली. घराच्या मालकीवर, म्हाताऱ्या माणसांच्या हक्कांवर, पुणे शहरावर. अक्कांनी त्या दिवसांत सकाळचा सराव चुकवला नाही. सगळ्या सरावाच्या शेवटी मांडीवरून उठायची वेळ आली की मात्र त्या बसतच नव्हत्या. उभ्या उभ्या सगळ्यांचं बघायच्या. कपाट आवरलं, लिंगाच्या डबीचा दोरा नवा केला, खिळ्यांची खोकी पुसून ठेवली. मावशींनी विचारलं, तिकडं वट्टा असंल का वो? अक्का म्हणाल्या, "गॅलरी असती म्हणं."

रविवारी सकाळी तो आला. आम्ही सगळ्याजणी ओट्यावर होतो. शटर अजून खाली होतं. अक्कांनी कमरेची चावी सोडली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातावर ठेवली.

"जबान म्हंजे जबान. काय करायचं ते तू ठरव."

"मीच ठरवायचं?"

"तसंच ठरलंय."

त्याने चावी उलटसुलट करून पाहिली. आमच्याकडे पाहिलं. मावशी एक पाय हवेत धरून तशाच थांबल्या होत्या, त्यांचं अक्षर अर्धवट राहिलं होतं. मग तो शटरपुढे गेला. तो दुकानाला लावायला नवं कुलूप घेऊन आला असेल, असं मला वाटत होतं. पण शटरला जुनंच कुलूप होतं, त्याने चावी लावून ते काढलं. शटरची मूठ धरायला तो खाली वाकला, थांबला, आणि वाकायचं सोडून सरळ उकिडवा बसला. टाचा जमिनीला लागलेल्या. दारवाल्या गड्याला अजूनही जमत नाही इतकं नीट.

आणि मग आम्हाला ऐकू आलं. तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता, "खिळे, चुका, स्क्रू, नट…"

असं एकदा शिकवून कुणाच्या ओठांवर बसत नाही. ते रोज म्हणावं लागतं. पुण्यात, कुठल्यातरी गॅलरीत, तो ते रोज म्हणत असला पाहिजे, आणि त्याने ते आईला सांगितलं नव्हतं.

शटर खडखडत वर गेलं. तो उभा राहिला, लालबुंद, दम लागलेला. त्याचे दोन्ही हात वर होते, शटरच्या पट्टीला. त्याने चावी दुकानातल्या खिळ्याला अडकवली आणि आईकडे न बघता म्हणाला, "इथे राहू दे. माझी आहे, पण इथेच राहू दे."

अक्का चटईवर मांडी घालून बसल्या, हात टेकला त्यानंतर ओट्यावर पहिल्यांदाच. पाय जवळ ओढले, छाती पुढे नेली आणि सावकाश उठल्या. मग मुलाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवले आणि ते खाली दाबले.

"वायसर राहिलं तुझं," त्या म्हणाल्या. "श्वास सोड."